परमुलखातली शाळा निवडताना परतीची वाट बघा

मागच्या कार्यक्रमानंतर लोहा तालुक्यातल्या एका बचत गटातल्या मावशींनी विचारलं, "जावई दुबईला कामाला आहे. आता लेक आणि दोन नातवंडं तिकडं निघालीत. नातू यंदा दुसरीत आहे, नात बालवाडीत. तिकडं शाळेला लई पैसा लागतो म्हणतात. परवडणारी शाळा निवडायची कशी?"

माळेगावच्या यात्रेत जनावर घेताना आपण नुसती किंमत विचारत नाही. दात बघतो, चार पावलं चालवून बघतो, मगच पैशाचं बोलतो. शाळेचंही तसंच आहे. नुसती फी बघून ठरवलं तर स्वस्तातली शाळाच पुढं महाग पडते.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. आखाती देशांत आपल्या माणसाचा व्हिसा बहुतेक वेळा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी संपली की कुटुंबाला परत यावं लागतं. म्हणजे लेकरं एक दिवस लोह्याला, नांदेडला किंवा पुण्याला येणारच. म्हणून भारतीय अभ्यासक्रमाची शाळा बरी. तिथं बहुतेक भारतीय शाळा सीबीएसई बोर्डाच्या असतात. इंग्लंड-अमेरिकेच्या अभ्यासक्रमाच्या शाळांपेक्षा त्यांची फी साधारणपणे बरीच कमी असते, आणि परत आल्यावर पुस्तकं फारशी परकी वाटत नाहीत.

प्रत्येक देशाची रीत मात्र वेगळी. दुबईत भारतीय शाळा खाजगी आहेत. तिथल्या सरकारी शिक्षण खात्याने 2008 पासून शाळांची तपासणी करून शेरे दिलेत. हे अहवाल आणि शाळेची मंजूर फी कुणालाही बघता येते. ओमानमध्ये वीसहून अधिक भारतीय शाळा एका मंडळाखाली चालतात. मस्कतची जुनी शाळा 1975 ची. सौदीत रियाध, जेद्दा अशा शहरांत भारतीय दूतावासाच्या देखरेखीखालच्या शाळा आहेत. म्हणून लेकीने शेजारणीचं ऐकून ठरवू नये. त्या शहरातल्या दोन-तीन शाळांची फी आणि शेरे आधी वाचावेत.

शाळा सीबीएसईची आहे म्हणजे काय, हेही विचारा. आपल्याकडं 'लातूर पॅटर्न' सगळ्यांना ठाऊक आहे. पण फलकावर 'सीबीएसई पॅटर्न' लिहिलं म्हणून शाळा सीबीएसईची होत नाही. बोर्डाची संलग्नता असली पाहिजे, आणि तिचा क्रमांक असतो. तो क्रमांक मागा आणि बोर्डाच्या संकेतस्थळावर शाळेचं नाव शोधा. ज्या बहिणी मागं राहून इथंच लेकरं शिकवणार आहेत, त्यांनाही हे लागू आहे. शिवाय इथल्या शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांक विचारा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे मान्यतेशिवाय शाळा चालवणं हा गुन्हा आहे.

आता पैशाचं. फी हा खर्चाचा एक तुकडा आहे. समजा फी महिन्याला 500 दिरहम, वर्षाचे 6,000. दहा महिने शाळेची बस, महिन्याला 300, म्हणजे 3,000. पुस्तकं, गणवेश, नोंदणीचे 1,000. झाले 10,000 दिरहम, आणि हे एका लेकराचे. घरचा पगार महिन्याला 4,000 दिरहम असेल, तर वर्षाच्या 48,000 मधला पाचवा हिस्सा एकट्या शाळेत गेला. दोन लेकरं असली तर विचारायलाच नको. इथं बसचा खर्च फीच्या निम्मा निघाला बघा. म्हणून घराजवळची, पायी जाता येईल अशी शाळा थोडी महाग असली तरी हिशोबात स्वस्त पडू शकते. शाळेला हे प्रश्न लेखी विचारावेत: फी दहा महिन्यांची की बारा? दुसऱ्या लेकराला सूट आहे का? अनामत परत मिळते का? मध्येच शाळा सोडली तर किती दिवस आधी कळवायचं?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. नोकरी अचानक गेली आणि फी थकलेली असली, की शाळा सोडल्याचा दाखला अडतो. म्हणून निदान तीन महिन्यांची फी बाजूला ठेवूनच लेकरांना न्यावं.

निघण्याआधीची कामं मावशी, तुम्ही आजच सुरू करा. आपल्या शाळेच्या रजिस्टरात आधी आडनाव, मग नाव, मग बापाचं नाव असतं. पासपोर्टवर क्रम वेगळा. जन्मदाखला, आधार, शाळेचं रजिस्टर आणि पासपोर्ट समोरासमोर ठेवून नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवा. चूक असेल तर लेकरू शाळेत आहे तोवरच मुख्याध्यापकांकडं दुरुस्तीचा अर्ज द्या. नंतर फार हेलपाटे पडतात. नातवाच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची सही, मग परराष्ट्र मंत्रालयाचा आणि त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का बऱ्याच शाळा मागतात. याला आठवडे जातात. आणखी एक: आपली शाळा जूनमध्ये भरते, तिथल्या भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. मे महिन्यात गेलात तर जागा भरलेल्या असू शकतात. चौकशी थंडीतच करा.

आता परतीचं बघू. दहावीची नोंदणी सीबीएसई नववीतच करतं, बारावीची अकरावीत. म्हणून नववी-दहावीच्या किंवा अकरावी-बारावीच्या मध्ये शाळा बदलायची वेळ येऊ देऊ नका. परत यायचंच असेल तर आठवी किंवा दहावी संपवून यावं. तिकडून निघताना दाखला, गुणपत्रिका आणि तिथल्या शिक्षण खात्याचा शिक्का घेऊनच विमानात बसा. तरीही दाखल्याला उशीर झाला तर घाबरू नका. आठवीपर्यंत आपल्या जिल्हा परिषद शाळेला त्या कारणानं लेकराचा प्रवेश अडवता येत नाही, आणि वयाप्रमाणे वर्ग द्यावा लागतो.

आणि सगळ्यांत विसरली जाणारी गोष्ट म्हणजे मराठी. महाराष्ट्रात 2020 च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची केली आहे. दुबईच्या शाळेत नातवाला अरबी शिकावी लागेल, हिंदीही असेल, पण मराठी क्वचितच मिळते. पाच वर्षांनी परत आलेलं लेकरू गणितात हुशार असतं आणि मराठीच्या तासाला मान खाली घालून बसतं. यावर औषध महाग नाही. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट आहेत. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आजीने एक धडा वाचून घ्यावा. मावशी म्हणाल्या, "मला कुठं धड वाचता येतं?" मग नातू वाचेल, तुम्ही ऐका. अडला तर अर्थ सांगा. बोली तुमच्याकडं आहे, ती कुठल्याच शाळेत विकत मिळत नाही.

गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. ज्यांच्या घरचं कुणी परदेशात आहे, त्यांनी एकमेकींना विचारून शाळा, पूर्ण खर्च आणि लागलेली कागदपत्रं एका वहीत लिहून ठेवा. पुढं कुणाच्या लेकीवर ही वेळ आली तर तिला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.