पुस्तकाचे नाव आणि पुस्तकाची प्रत

‘हे पुस्तक मिळवून वाचाच.’ मोबाइलवरच्या आमच्या वाचकगटात असा निरोप आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. सोबत मुखपृष्ठाचे छायाचित्र, त्याखाली टाळ्यांची आणि जोडलेल्या हातांची चिन्हे. गेल्या पावसाळ्यात अशाच एका निरोपाखाली भामरागडकडच्या एका तरुण शिक्षकाने दोनच शब्द लिहिले : ‘कुठे मिळेल?’ त्याला कोणी उत्तर दिले नाही. शिफारस करणारे गृहस्थ पुण्याचे. मला वाटते, त्यांना प्रश्नच कळला नसावा. पुस्तक दुकानात मिळते, यात विचारायचे काय?

वाचक एकमेकांना पुस्तके कशी सुचवतात आणि त्यांवर काय बोलतात, याची टिपणे मी बरीच वर्षे ठेवतो आहे. ग्रंथालयशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या वाचनालयांच्या बाकांवर बसून जे दिसले, तेवढीच माझी सामग्री. त्यातून एक गोष्ट माझ्यापुरती पक्की झाली आहे. पुस्तकाच्या शिफारशीला दोन अंगे असतात, एक नाव आणि दुसरे प्रत. शहरात दुसरे अंग नजरेला येत नाही, कारण ते आपोआप पुरे होते. जंगलातल्या जिल्ह्यांत नाव क्षणात पोहोचते आणि प्रत पोहोचतच नाही. मोबाइलने हे अंतर कमी केले असे आपण समजतो. माझ्या मते त्याने ते वाढवले आहे, कारण पूर्वी नावेही हळूच येत.

हे अंतर किती, ते नकाशावर पाहा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आणि २०११च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला माणसे ७४. बहुतेक भाग जंगलाचा. आगगाडीचे जुने स्थानक एकच, वडसा, तेही जिल्ह्याच्या उत्तर टोकाला. सिरोंचा जिल्ह्याच्या गावापासून दोनशे किलोमीटरच्या आसपास. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. अशा ठिकाणी पुस्तकाचे दुकान चालायचे कसे? जे दुकान चालते, त्यात शालेय वह्या आणि भरतीच्या परीक्षांची पुस्तके असतात. त्यात दुकानदाराचा दोष नाही. पोरांना नोकरी हवी आहे.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, असे त्यांतल्या दोन नियमांचे सार आहे. आपण वाचक गप्पा मारतो त्या दुसऱ्या बाजूच्या, पुस्तकाला वाचक मिळवून देण्याच्या. लेखकाचे, प्रकाशकाचे काम आपण फुकट करतो म्हणा ना. पहिली बाजू मात्र ग्रंथपालावर सोडून मोकळे होतो.

मराठीत पुस्तकांविषयीच्या गप्पांना छापील घर मिळाले ते ‘ललित’मुळे. मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळ्यांनी जानेवारी १९६४मध्ये हे मासिक सुरू केले. त्यात जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या नावाने साहित्यिकांची टोपी उडवत. गंमत अशी की दूरच्या वाचकाला या थट्टेतूनही पुस्तकांची नावे कळत. मासिक महिन्याने येई. वाचक नाव कागदावर उतरवून घेई, पोस्टकार्ड टाकी, व्ही.पी. सोडवायला पैसे बाजूला काढून ठेवी. या सगळ्या सायासात एक चाळणी होती. दहा नावांतले एकच पुस्तक घरी येई, पण ते नक्की वाचले जाई आणि चार घरे फिरे. आज एका संध्याकाळी दहा नावे येतात आणि दुसऱ्या संध्याकाळच्या दहा नावांखाली ती दबून जातात.

वाचनालयातली शिफारस तर बहुतेक वेळा मुकीच असते. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी पाहा. दाट शिक्के असले की पुस्तक हातोहात गेले आहे हे कळते. शिक्के विरळ आणि त्यात एखादीच तारीख दोनदा-तीनदा वाढवलेली असली, तर कोणीतरी ते सावकाश, जीव लावून वाचले आहे. ही माहिती देणाऱ्याला आपण माहिती देतो आहोत याचा पत्ताही नसतो. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाचा आधार दिला. त्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते. ‘ड’ वर्गातले वाचनालय म्हणजे अनेकदा एक खोली, दोन कपाटे आणि अर्धवेळ ग्रंथपाल. पण तिथेही शिफारस आणि प्रत एकाच टेबलावर असतात. ‘हे नेऊन बघा’ म्हणताना ग्रंथपालाचा हात कपाटाकडे गेलेला असतो.

आणि दिवाळी अंक! का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा. लेखकांना तिने काय दिले यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. वाचनालयांनी त्या अंकांचे काय केले, याकडे कमी लक्ष गेले आहे. वेगळी वर्गणी भरायची, अंक घरी न्यायचा, परत करून दुसरा घ्यायचा, असे होळीपर्यंत चालते. एकच अंक पाठोपाठ वीस-पंचवीस घरांत जातो. परत करताना माणूस टेबलाशी थांबतो आणि म्हणतो, ‘यातली ती शेवटून दुसरी कथा वाचा, बाकी राहू द्या.’ पुढचा वाचक तोच अंक मागतो. आठवडाभराने दोघांची गाठ पडते तेव्हा बोलायला दोघांकडेही काही असते. मी पाहिलेल्या वाचनचर्चांमध्ये ही सर्वांत निरोगी, कारण दोघांनी एकच कागद हाताळलेला असतो.

प्रत पोहोचवण्याचे शहाणे प्रयत्न झालेले आहेत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी २००९मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केले. वाचकांच्या लहान गटाकडे पुस्तकांची पेटी जाते आणि काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल होते. ही कल्पना आखातापर्यंत गेली. गडचिरोलीत पोलीस दलाने ‘एक गाव, एक वाचनालय’ हा उपक्रम हाती घेतला आहे. दोन्ही ठिकाणी प्रत आधी येते, हे फार मोठे काम. निवड मात्र पेटी भरणाऱ्याची किंवा कपाट देणाऱ्याची. वाचक विचारतो आहे आणि त्याच्या प्रश्नाला पुस्तक मिळते आहे, असे घडायला आणखी काही लागते.

ते ‘आणखी काही’ मला सापडले ते आमच्याच भागात, आणि जिथे कोणी त्याला वाचकमंडळ म्हणणार नाही अशा ठिकाणी. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंडांचे छोटे गाव. २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणारे आणि एप्रिल २०११मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतःच्या ग्रामसभेकडे घेणारे हे गाव सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामागचा अभ्यासगट कमी लोकांना ठाऊक आहे. देवाजी तोफा, ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकरी यांनी तो रुजवला. ग्रामसभा निर्णय घेते, तोही सर्वसहमतीने. अभ्यासगट निर्णय घेतच नाही, फक्त बोलतो. कोणीही यावे, बाहेरच्या जाणकारालाही बोलवावे. मत फिरवले तर कमीपणा नाही, कारण काही ठरवायचेच नसते. जंगलावरचे निस्तार हक्क, वनहक्क कायदा, मोहाच्या माश्यांना न मारता मध काढणे, असे विषय गावाने या रीतीने समजून घेतले.

इथे क्रम उलटा आहे. आधी प्रश्न, मग कागद. कोणीतरी मराठीतला मजकूर वाचतो, बोलणे गोंडीत होते, आणि ज्याला वाचता येत नाही तोही चर्चेत तितकाच हक्काने असतो. अख्ख्या गावाला एक प्रत पुरते. आमच्या गटात तिघांपैकी दोघे न वाचलेल्या पुस्तकाला टाळ्या देतात, तेव्हा मला मेंढ्याची आठवण होते आणि थोडी लाजही वाटते.

दुसरेही एक खटकते. ‘समिधा’, ‘प्रकाशवाटा’, ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’, मिलिंद बोकीलांचे ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकांची शिफारस मराठी वाचक एकमेकांना सतत करतात. सगळ्यांची मुळे या दोन जिल्ह्यांत. पुस्तकांचा विषय म्हणून आम्ही पुण्या-मुंबईच्या कपाटांत पोहोचलो. वाचक म्हणून आम्हाला कोणी विचारत नाही, की तुम्हाला काय हवे आहे, आणि तुम्ही काय सुचवाल?

टपालाचाही हिशेब सांगितला पाहिजे. डिसेंबर २०२४मध्ये छापील पुस्तकांची स्वस्त नोंदणी टपाल सेवा बंद झाली. छोट्या प्रकाशकांनी तक्रार केली. तिकडचा वाचक गप्प राहिला, कारण त्याची संघटना नाही. १ मे २०२५पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाले. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोला १०० रुपये, कर वेगळा. दर परवडणारा आहे. पाकीट जमिनीवरून जाते, त्यामुळे वेळ लागतो. पण आपल्याकडे घाई कोणाला?

तेव्हा त्या शिक्षकाच्या दोन शब्दांकडे परत येतो. ते पुस्तक माझ्याकडे होते. मी ते ज्ञान पोस्टाने पाठवले आणि गटात तसे लिहिले. मध्येच पर्लकोटेला पूर आला. पाकीट कुठेतरी अडकून पडले. पोहोचल्यावर तीन आठवडे त्याच्याकडून काहीच नाही. मग एका रात्री लांबलचक निरोप आला. ‘सर, पुस्तक चांगलं आहे, पण आश्रमशाळेतली पोरं अशी बोलत नाहीत. लेखकानं त्यांना बघितलेलं दिसत नाही.’ खाली त्याने पोरे कशी बोलतात ते लिहिले होते, माडियातले चार शब्द अर्थासह देऊन. पुण्याच्या गृहस्थांनी पुस्तक पुन्हा काढून ती पाने वाचली आणि आपले म्हणणे मांडले. तीन दिवस दोघांचे चालले होते, आणि टाळ्या कोणी दिल्या नाहीत.

त्यानंतर गटात आम्ही एवढेच ठरवले, की नावासोबत प्रत कोणाकडे आहे आणि ती देण्याजोगी आहे का, तेही लिहायचे. सगळे लिहीत नाहीत. ती प्रत सध्या आलापल्लीच्या एका परिचारिकेकडे आहे. तिच्यानंतर अहेरीचे दोघे रांगेत आहेत.