गर्भाशयभ्रंशावरील शस्त्रक्रिया : दीर्घकालीन फलिताचा विचार

प्रस्तावना : ओटीपोटाच्या तळाचे स्नायू व बंध सैल झाल्याने गर्भाशय, मूत्राशय वा गुदाशय योनिमार्गात उतरते. बोलीत यास ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात. संकोचामुळे हे दुखणे वर्षानुवर्षे झाकले जाते. प्रस्तुत लेखात शस्त्रक्रियेचे यश कशावरून ठरवावे, याचा विचार केला आहे.

महाराष्ट्रातील परंपरा : मुंबईत डॉ. वि. ना. शिरोडकर (१८९९-१९७१) यांनी गर्भाशय न काढता त्यास मागील बाजूने पट्टीचा आधार देण्याची पद्धत रूढ केली. डॉ. पुरंदरे यांच्या पद्धतीत गर्भाशयग्रीवा पोटाच्या पुढील भिंतीस बांधतात. तरुण स्त्रीची प्रजननक्षमता राखणे, हा दोहोंचा हेतू.

दीर्घकालीन फलित : योनीचे शिखर बंधांस टाचण्याच्या दोन पद्धतींची अमेरिकेत तुलना झाली. तपासणीत आढळलेली उतरण, जाचक लक्षणे वा पुनरुपचार यांपैकी काहीही असल्यास ‘अपयश’ मानले गेले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनी ते अनुक्रमे ६१.५ व ७०.३ टक्के होते. पुनरुपचाराचे प्रमाण मात्र दहा टक्क्यांच्या आसपासच होते. योनिमार्गातून बसविलेल्या कृत्रिम जाळीचे दुष्परिणामही कालांतराने उघड झाले आणि २०१९ मध्ये अमेरिकेत तिची विक्री थांबविण्यात आली.

निष्कर्ष : घरी पाठवितानाचे यश अंतिम नव्हे. ओझी वाहणाऱ्या स्त्रीस काही वर्षांनी पुन्हा बोलावून तपासावे, आणि तिला काय जाचते हे तिलाच विचारावे. यशाचा खरा निकष तोच होय.