ॲम्प्लिफायरचा टोन आणि मिरजेची जवारी

इलेक्ट्रिक गिटारचा म्हणून जो आवाज कानी पडतो, त्यातील मोठा वाटा गिटारचा नसून तिला जोडलेल्या ॲम्प्लिफायरचा असतो, ही गोष्ट वाद्यसंगीताशी जवळचा संबंध नसलेल्या वाचकाला प्रथम नवलाची वाटेल. तार छेडली की तिच्याखालील पिकअपमध्ये, म्हणजे चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे दिलेल्या छोट्या घटकात, अत्यंत क्षीण विद्युतलहर निर्माण होते. ती ॲम्प्लिफायरच्या पहिल्या टप्प्यात वाढवली जाते, दुसऱ्या टप्प्यात तिला स्पीकर हलवण्याइतकी शक्ती मिळते आणि शेवटी स्पीकरचा कागदी शंकू व त्याभोवतीची लाकडी पेटी यांच्यामार्फत ती हवेत उतरते. या प्रत्येक टप्प्यावर लहरीचा आकार थोडाथोडा बदलतो आणि त्या सर्व बदलांच्या एकत्रित परिणामाला गिटारवादक ‘टोन’ म्हणतात. हा टोन मोजून, त्याचे गणिती प्रतिरूप तयार करून ते पायाशी ठेवता येईल अशा छोट्या डिजिटल यंत्रात साठवण्याचे तंत्र आता सामान्य वादकाच्या आवाक्यात आले आहे. सांगली जिल्ह्यातील आष्टा आणि त्याच्या आसपासच्या भागाला या तंत्राचा विचार करण्याचे खास कारण आहे. कारण येथून तीसेक किलोमीटरवर असलेल्या मिरजेत असे वाद्य घडवले जाते, ज्याचा आवाज पकडणे हे ॲम्प्लिफायरचा टोन पकडण्याहूनही अवघड काम आहे.

जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये ट्रान्झिस्टरऐवजी व्हॉल्व्ह असत, म्हणजे निर्वात काचेच्या नळ्या, ज्यांत तापलेल्या धातूपासून निघणारा इलेक्ट्रॉनांचा प्रवाह येणाऱ्या लहरीनुसार कमीजास्त केला जातो. व्हॉल्व्हची लहर वाढवण्याची क्षमता मर्यादित असते आणि त्या मर्यादेपलीकडची लहर आत सोडली की तिचे माथे चेपले जातात. चेपलेल्या लहरीत मूळ लहरीत नसलेल्या कंपनसंख्या निर्माण होतात. गिटारची पाचवी तार मोकळी छेडली असता सेकंदाला 110 कंपने होतात असे धरले, तर व्हॉल्व्हमधून बाहेर पडताना त्याच स्वराच्या 220, 330, 440 अशा पटींतील उपस्वरांचे प्रमाण वाढलेले असते, आणि दोन तारा एकत्र छेडल्यास त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून आणखी स्वर उमटतात. जोराचा आघात झाला की वीजपुरवठ्याचा दाब क्षणभर खाली बसतो आणि हळूहळू पूर्ववत होतो, त्यामुळे स्वर आधी दबल्यासारखा होऊन मग फुलतो. अभियंत्याच्या दृष्टीने हे सगळे दोष होत. रॉक संगीताने मात्र या दोषांनाच आपली भाषा मानले आणि अमेरिकेतील फेंडर कंपनीचा ‘बासमन’ किंवा त्याच्या मंडलावर आधारून जिम मार्शल यांच्या लंडनमधील दुकानात 1962च्या सुमारास तयार झालेला ‘जेटीएम 45’ हे ॲम्प्लिफायर वादकांच्या लेखी स्वतंत्र वाद्यांच्या मोलाचे ठरले.

अडचण एवढीच की हा टोन आवाज पुष्कळ वाढवल्याशिवाय मिळत नाही, यंत्र जड असते, व्हॉल्व्ह तापतात, झिजतात आणि बदलावे लागतात. म्हणून तोच टोन गणिताने निर्माण करण्याचे प्रयत्न सुरू झाले. जपानच्या रोलँड कंपनीचे ‘व्हीजी-8’ 1995 मध्ये, तर कॅलिफोर्नियातील ‘लाइन सिक्स’चे ‘पॉड’ हे यंत्र 1998 मध्ये बाजारात आले. ॲम्प्लिफायरच्या मंडलातील रोध, धारित्र, व्हॉल्व्ह यांचे वर्तन समीकरणांत मांडायचे आणि ती समीकरणे प्रोसेसरकडून दर क्षणी सोडवून घ्यायची, अशी ‘मॉडेलिंग’ या मार्गामागील कल्पना आहे. यात वादकाला खऱ्या ॲम्प्लिफायरप्रमाणे सर्व बटणे फिरवता येतात, पण प्रत्येक ॲम्प्लिफायरचा नकाशा हाती असावा लागतो आणि एकाच नमुन्याच्या दोन यंत्रांतील, जुन्या झालेल्या सुट्या भागांमुळे पडलेला फरक समीकरणात सहसा उतरत नाही.

दुसरा मार्ग याहून वेगळ्या जागी उभा आहे. ॲम्प्लिफायरच्या आत काय आहे हे न पाहता त्यात काय गेले आणि त्यातून काय बाहेर आले एवढेच काटेकोरपणे मोजायचे, आणि त्या दोहोंना जोडणारा नियम संगणकाकडून शोधून काढायचा, या पद्धतीला ‘कॅप्चर’ किंवा ‘प्रोफाइल’ असे म्हणतात. जर्मनीतील क्रिस्टोफ केंपर यांनी 2011 मध्ये आणलेल्या ‘प्रोफाइलिंग ॲम्प्लिफायर’ने हा मार्ग रूढ केला, पुढे फिनलंडच्या ‘न्यूरल डीएसपी’चे ‘क्वाड कॉर्टेक्स’, इटलीच्या ‘आयके मल्टिमीडिया’चे ‘टोनेक्स’ आणि स्टीव्हन ॲटकिन्सन यांनी तयार करून सर्वांसाठी खुले ठेवलेले ‘न्यूरल ॲम्प मॉडेलर’ यांनी त्याला कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड दिली. यांपैकी शेवटचे सॉफ्टवेअर विनामूल्य असून त्याची आज्ञावली कोणालाही वाचता व बदलता येते, ही बाब विद्यार्थ्यांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे.

प्रत्यक्ष कामाचा क्रम असा असतो. यंत्रातून निघणारी चाचणीलहर गिटारच्या जागी ॲम्प्लिफायरला जोडली जाते, स्पीकरसमोर माइक ठेवला जातो आणि माइकने टिपलेला आवाज पुन्हा यंत्राकडे आणला जातो. चाचणीलहरीत खालच्या कंपनसंख्येपासून वरच्यापर्यंत सरकत जाणारे स्वर, खरखर आणि हळू-जोरात वाजवलेल्या गिटारचे तुकडे असतात, कारण हलक्या आघाताला स्वच्छ राहणारा आणि जोराच्या आघाताला फाटणारा ॲम्प्लिफायर एकाच पातळीच्या लहरीवरून ओळखता येत नाही. ही सर्व नोंद तीन-चार मिनिटांत पुरी होऊ शकते. सेकंदाला 48,000 या दराने मोजलेल्या आकड्यांच्या दोन रांगा, एक आत गेलेल्या लहरीची व दुसरी बाहेर आलेल्या लहरीची, आता संगणकापुढे असतात. न्यूरल नेटवर्क, म्हणजे बदलता येतील अशा हजारो गुणकांचे जाळे, पहिल्या रांगेवरून दुसरी रांग वर्तवण्याचा प्रयत्न करते. अंदाज आणि वास्तव यांतील चूक मोजली जाते, ती कमी होईल अशा रीतीने सर्व गुणक किंचित हलवले जातात आणि ही फेरी पुन्हापुन्हा केली जाते. चूक कानाला जाणवणार नाही इतकी उतरली की गुणकांची ती यादी एका छोट्या फाइलमध्ये ठेवतात, आणि तीच त्या ॲम्प्लिफायरची प्रतिकृती होय.

स्पीकर आणि पेटी यांच्यासाठी एवढा खटाटोप करावा लागत नाही. स्पीकर काही कंपनसंख्या उचलून धरतो, काही दाबतो, परंतु सर्वसाधारण आवाजात तो नव्या कंपनसंख्या फारशा निर्माण करत नाही. गणिताच्या परिभाषेत त्याचे वर्तन बहुतांशी रेषीय असते. अशा वस्तूला एकच अतिशय आखूड ठोका देऊन तिचा प्रतिसाद टिपून ठेवला, तर कोणतीही लहर तिच्यातून गेल्यावर कशी होईल हे त्या एका नोंदीवरून काढता येते. या नोंदीला ‘इम्पल्स रिस्पॉन्स’ म्हणतात. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांची नोंद वेगवेगळी घेतल्यास एकाच ॲम्प्लिफायरला पुढे हवा तो स्पीकर जोडता येतो, म्हणून जाणकार बहुधा तसेच करतात.

या साऱ्या प्रक्रियेत यंत्र काहीच ठरवत नाही, ही तिच्यातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. शुअर कंपनीचा ‘एसएम 57’ हा 1965 पासून वापरात असलेला माइक स्पीकरच्या शंकूच्या मध्यापासून इंचभर कडेला सरकवला, तर त्याच ॲम्प्लिफायरचा धारदार टोन मऊ होतो, आणि माइक जेथे ठेवला तेथील टोनच फाइलमध्ये कायमचा राहतो. बटणांचेही तसेच आहे. कॅप्चर ही ॲम्प्लिफायरच्या एका स्थितीची नोंद असते. बटण फिरवले की खऱ्या यंत्रात जे घडते ते त्या नोंदीत नसते, म्हणून कुशल माणूस एकाच ॲम्प्लिफायरच्या निरनिराळ्या स्थितींच्या अनेक नोंदी घेतो. दीर्घ घुमारा किंवा लहरत राहणारे परिणाम या पद्धतीने नीट पकडता येत नाहीत, कारण हे जाळे मागच्या क्षणार्धापलीकडचे फारसे लक्षात ठेवत नाही. तेव्हा कोणता ॲम्प्लिफायर, कोणत्या स्थितीत, कोणत्या माइकने, कोठून ऐकावा, हे सर्व आधी कोणीतरी कानाने निवडलेले असते, आणि फाइल चांगली की वाईट हे प्रामुख्याने त्या निवडीवर अवलंबून असते.

वाळवा, मिरज आणि पलूस तालुक्यांतील गावांत गिटारपेक्षा बेंजो अधिक परिचित आहे. जपानमधील नागोया येथील गोरो मोरिता यांनी 1912 मध्ये तयार केलेल्या ताइशोगोतो या वाद्याचे बुलबुलतरंग हे भारतीय रूप, आणि त्याला पिकअप बसवून वराती व मिरवणुकांत वाजवले जाणारे वाद्य म्हणजे बेंजो. गिटारप्रमाणेच येथेही तारेपासून पिकअप, पिकअपपासून ॲम्प्लिफायर आणि तेथून स्पीकर असाच मार्ग असल्यामुळे वर सांगितलेली सगळी पद्धत काडीचाही फरक न करता बेंजोला लागू होते. एखाद्या बेंजो पार्टीचा ओळखीचा, किंचित फाटका, गर्दीच्या डोक्यावरून पलीकडे जाणारा आवाज ज्या जुन्या ॲम्प्लिफायरमुळे येतो, तो ॲम्प्लिफायर नादुरुस्त होण्याआधी त्याची नोंद घेणे आज अगदी शक्य आहे, आणि ते काम करण्यासारखे आहे.

मिरजेच्या तंबोऱ्याचा प्रश्न मात्र निराळा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, शस्त्रांना धार व झिलई देणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब यांनी पटवर्धन संस्थानच्या आश्रयाखाली मिरजेत तंतुवाद्ये घडवण्यास आरंभ केला, त्यांच्या वारसांना सतारमेकर हेच नाव मिळाले, आणि मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. मंगळवेढा-पंढरपूर भागातील कडू भोपळा, लाकडी दांडी आणि तबली, म्हणजे भोपळ्यावरचे लाकडी झाकण, यांपासून वाद्याचे शरीर बनते. त्याचा आवाज मात्र घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या आडव्या पट्टीवर, ठरतो. घोडीचा पृष्ठभाग सपाट वा टोकदार न ठेवता कानशीने हलका बाक देऊन घासलेला असतो, त्यामुळे कंप पावणारी तार तिला पुन्हापुन्हा ओझरता स्पर्श करत राहते, आणि तार व घोडी यांच्यामध्ये सरकवलेल्या सुताच्या दोऱ्याने तो स्पर्श नेमका जुळवला जातो. यालाच जवारी म्हणतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921च्या सुमारास भारतीय तंतुवाद्यांवर केलेल्या अभ्यासात असे दाखवले की, तार ज्या बिंदूवर छेडली असता एखादा उपस्वर नियमानुसार उमटू नये, तेथे छेडूनही तंबोऱ्यात तो स्पष्टपणे उमटतो.

येथे तंबोरा आणि व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर यांचे नाते दिसते. दोन्ही वाद्यांचे सौंदर्य रेषीयतेच्या नियमाबाहेर आहे. एकात व्हॉल्व्ह लहरीचा माथा चेपतो, दुसऱ्यात घोडी तारेला अडवते, आणि दोन्हीकडे मूळ आघातात नसलेले उपस्वर जन्माला येतात. फरक असा की ॲम्प्लिफायरला आत जाणारी व बाहेर येणारी अशा दोन वायरी असतात, तंबोऱ्याला नसतात. बोटाचा मांसल भाग तारेवरून कसा सरकला हे आकड्यांच्या रांगेत सहज उतरत नाही, चारही तारा भोपळ्यातून एकमेकींना हलवत राहतात, आणि एका छेडीतील उपस्वरांचा भर काही सेकंद सरकत जातो. बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी 1979 मध्ये तयार केलेल्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याने घरोघरच्या रियाजाची सोय केली, हा त्याचा उपकार मोठा आहे. पुढे खऱ्या तंबोऱ्याच्या ध्वनिमुद्रित छेडी वाजवणारी यंत्रे व मोबाइल ॲप आली. पण मुद्रित छेड दर वेळी तीच असते, आणि खऱ्या तंबोऱ्यासमोर बसून गाणाऱ्याला स्वरांत जी हालचाल जाणवते ती तिच्यात उणी पडते. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील मार्टेन व्हान वाल्स्टाइन व सहकाऱ्यांनी 2016 मध्ये तार आणि घोडी यांची टक्कर समीकरणांत मांडून तंबोऱ्याचे तत्काळ वाजणारे प्रतिरूप सिद्ध केले. तंबोऱ्यासाठी योग्य मार्ग हाच दिसतो. परंतु असे प्रतिरूप खरे ठरण्यासाठी घोडीच्या बाकाची, दोऱ्याच्या जागेची आणि त्या दोहोंतून उमटणाऱ्या आवाजाची खरीखुरी मापे हवीत, आणि ती मापे मिरजेत आहेत.

ती मापे आज कोठे लिहिलेली नाहीत, कारण ती कारागिराच्या कानात आणि कानशीवरच्या हातात असतात. जवारी काढताना तो दोन घासे देतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. गायिकेच्या काळी पाच या पट्टीच्या तंबोऱ्याला आणि गायकाच्या काळी एक या पट्टीच्या तंबोऱ्याला तो वेगळी जवारी ठेवतो. या प्रत्येक टप्प्यावर घोडीचा आकार सूक्ष्म मोजमापाने टिपावा, ठरावीक जागी ठेवलेल्या माइकने प्रत्येक तारेची छेड नोंदवावी, हवेतील दमटपणा लिहून ठेवावा, आणि कारागिराने ‘आता झाले’ म्हटले तो क्षण नोंदीत चिन्हांकित करावा, एवढे काम झाले तरी पुढील पिढीच्या वाद्यकारांना व संशोधकांना मोठे साधन मिळेल. यासाठी परदेशी प्रयोगशाळेची वाट पाहण्याचे कारण नाही. आष्ट्यात अण्णासाहेब डांगे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, सांगलीत 1947 पासून वालचंद महाविद्यालय आहे, आणि लागणारे माइक, संगणक व विनामूल्य सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पात बसण्याजोगे आहे. अट एकच असावी: ज्या कारागिराच्या जवारीची नोंद घेतली, त्याचे नाव त्या फाइलवर असावे, आणि तिच्यातून पुढे उत्पन्न झाले तर त्यात त्याचा हिस्सा आधी लेखी ठरलेला असावा. मिरजेतील वाद्यकार आणि या दोन्ही महाविद्यालयांतील प्राध्यापक यांनी येत्या शैक्षणिक वर्षातच एका तंबोऱ्यापासून सुरुवात करावी.