संतुष्टी आणि अनणसुख

साधे राहावे, असेल त्यात समाधान मानावे, हा उपदेश आपल्या समाजाला केला जातो तेव्हा मनात रास्त शंका उभी राहते. ज्यांच्या पूर्वजांना धड वस्त्रही लाभू दिले नाही, त्यांनी आणखी काय सोडायचे? या शंकेचे उत्तर दिल्याशिवाय साधेपणाविषयी बोलणे योग्य ठरणार नाही.

लादलेले दारिद्र्य म्हणजे साधेपणा नव्हे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस आणि उष्टे तुकडे नाकारण्यास सांगितले. त्याच वर्षाच्या अखेरीस तेथेच स्त्रियांना स्वच्छ, नीटनेटका पेहराव करण्याचा उपदेश केला. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तर त्यांनी हा प्रश्न थेट हाताळला आहे. तथागतांनी दारिद्र्याला धन्य म्हटले नाही, गरिबाने आपली स्थिती बदलू नये असेही सांगितले नाही. अमर्याद लोभाच्या आहारी जाऊ नये, एवढाच संतुष्टीचा अर्थ आहे, असे बाबासाहेब स्पष्ट करतात.

मग संतुष्ट गृहस्थ कसा ओळखावा? श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाला तथागतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. सन्मार्गाने मिळवलेले धन असणे हे अत्थिसुख. त्या धनाचा उपभोग घेणे व त्यातून पुण्यकर्म करणे हे भोगसुख. कोणाचेही लहानमोठे ऋण नसणे हे अनणसुख. आणि काया, वाचा, मनाने निर्दोष असणे हे अनवज्जसुख. यांतील शेवटचे सर्वश्रेष्ठ मानले आहे. कमावणे आणि उपभोगणे ही दोन्ही या यादीत सुखेच आहेत, हे ध्यानात घ्यावे.

कोलिय कुळातील दीघजाणूला तथागतांनी ‘समजीविता’ सांगितली. तराजू धरणाऱ्याला पारडे किती झुकले हे जसे कळते, तसे गृहस्थाला आपला आय आणि व्यय कळला पाहिजे. तुटपुंज्या मिळकतीत थाट करणारा चुकतो आणि भरपूर मिळकत असून उपाशी राहणारा कंजूषही चुकतो. साधेपणा म्हणजे हा तोल होय.

आज आपल्याकडे हा तोल सर्वाधिक ढळतो तो लग्नकार्यात. बौद्ध विवाहविधीत होम नाही, सप्तपदी नाही. त्रिशरण, पंचशील आणि वधूवरांच्या प्रतिज्ञा यांना खर्च तो किती? तरीही मंडप, डीजे, आहेर आणि पंगती यांपायी कर्ज काढले जाते. तीन लाख रुपये वार्षिक १२ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर दरमहा सुमारे ६,६७३ रुपये हप्ता पडतो आणि एकूण चार लाखांहून अधिक रक्कम फेडावी लागते. एक लाख रुपये केवळ व्याजाचे! तेवढ्यात धाकट्या भावंडाच्या उच्च शिक्षणाला हातभार लागला असता. एका दिवसाच्या प्रतिष्ठेची किंमत पुढची पाच वर्षे घरातील शिकणारे मूल मोजत असते. गावकीच्या जोखडातून सुटलेल्या पिढीने सावकारी हप्त्यांचे जोखड आपल्या हाताने मानेवर का घ्यावे?

म्हणून पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना विनंती अशी की, चांगले कपडे, चांगले घर, पुस्तके, प्रवास यांचा संकोच बाळगू नये. तो आपला हक्कच आहे. मात्र मोठ्या खर्चापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : ही वस्तू मला हवी आहे की लोकांना दाखवायची आहे? आणि तिच्यासाठी घरातील कोणाचे शिक्षण मागे पडणार आहे का? घरातील मुलांनाही मिळकत आणि खर्चाचा हिशेब दाखवावा. वसतिगृहातील एका पेटीत मावणाऱ्या सामानावर वर्षे काढलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना गरज आणि हौस यांतील फरक नव्याने शिकवावा लागत नाही. तो संसारात टिकवावा लागतो. कोणाचे देणे नाही आणि मूल शिकते आहे, हे ज्या घराला म्हणता येते, त्या घरी अनणसुख नांदते.