चामड्याचा धंदा आणि शाळेतील विज्ञानाचा तास

धंद्याचा हिशेब मांडताना आपण भांडवल, कच्चा माल आणि गिऱ्हाईक धरतो. गावच्या शाळेतील प्रयोगशाळा या हिशेबात येत नाही. ती का यावी, हे तामिळनाडूतील चर्मोद्योगाकडे पाहिले म्हणजे समजते.

पालार नदीच्या खोऱ्यातील वाणियंबाडी, आंबूर, राणीपेट या गावांत कातडी कमावण्याचा धंदा अनेक पिढ्यांचा आहे. कारखानदारांत मुस्लिम कुटुंबे पुष्कळ आहेत. जुने उस्ताद कातडे बोटांनी दाबून माल तयार झाला की नाही ते सांगत. ते कसब आजही मोलाचे आहे. पण परदेशी गिऱ्हाईक आता तपासणीचा दाखला मागते.

जर्मनीने १९९४ साली कर्करोगाला कारण ठरणाऱ्या काही अ‍ॅझो रंगांवर बंदी घालण्याचा कायदा केला. मे २०१५ पासून युरोपीय संघाने चामड्यातील षट्‌संयुजी क्रोमियमवर मर्यादा घातली. अंगाला लागणाऱ्या वस्तूत ते किलोमागे ३ मिलिग्रॅम किंवा अधिक आढळले तर तो माल तेथे विकता येत नाही.

कातडी कमावताना वापरतात ते क्रोमियम त्रिसंयुजी, म्हणजे बरेच कमी घातक असते. परंतु उष्णता, ऊन, चुकीचे तेल किंवा पुढच्या धुलाईत वाढलेला सामू यांमुळे त्याचे रूप पालटू शकते. सामू म्हणजे आम्ल-अल्कलीचे माप. कातडे आधी चुन्यात, मग आम्लात, मग क्रोममध्ये जाते आणि प्रत्येक पायरीला हे माप सांभाळावे लागते. ते चुकले तर क्रोम कातड्यात नीट मुरत नाही आणि विकत घेतलेले रसायन पाण्याबरोबर वाहून जाते. लिटमस कागदाचा शाळेतील धडा तो हाच!

वाहून गेलेल्या पाण्याचीही किंमत पडते. ऑगस्ट १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या भागातील कारखान्यांना प्रत्येकी १०,००० रुपये दंड केला आणि सांडपाणी शुद्ध करण्याची व्यवस्था सक्तीची केली. अशा शुद्धीकरण केंद्रात घाण खाण्याचे काम जिवाणू करतात. त्यांना हवा किती द्यावी, ते कशाने मरतात, हे जाणणारा माणूस तेथे लागतो.

चेन्नईत १९४८ पासून केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे. पण तिचे ज्ञान कारखान्यात उतरवणारा मुकादम, रंगारी आणि तपासनीस गावातच तयार व्हावा लागतो. तो झाला तर पगार गावात राहतो; नाही तर माणूस बाहेरून आणावा लागतो आणि नापास मालाचा तोटाही आपल्याच माथी बसतो. वाणियंबाडीत १९१९ पासून इस्लामिया कॉलेज उभे आहे. पण कॉलेजात जाणाऱ्या मुलाचा पायाही शाळेतच भरला जातो.

धारावीत बॅगा शिवणारा असो वा भिवंडीत कापड रंगवणारा, हा प्रश्न त्याच्याही दारी आहे. तेव्हा व्यापारी बांधवांनी आपल्या मुलांच्या शाळेत एकदा जाऊन पाहावे : लिटमस कागद मुलांच्या हाती येतो, की त्याचे नाव फळ्यावरच राहते?