डब्यावरच्या चिठ्ठ्या आणि इंटरनेटवरचे टॅग



आज आपण टॅगबद्दल बोलणार आहोत. गटाच्या पापडांचा फोटो मोबाईलवरून टाकताना आपण खाली तीन-चार शब्द जोडतो ना, ते टॅग. एकेकटा पाहिला तर हा शब्द अगदी किरकोळ वाटतो. पण हजारो माणसांनी आपापल्या सोयीसाठी लावलेले असे शब्द एकत्र मोजले, की लोक वस्तूंची विभागणी मनात कशी करतात ते कळतं. ही मोजणी कशी करतात आणि तिच्यातून कोण सुटून जातं, ते आज पाहू.

आधी स्वयंपाकघरात जाऊ. भाजणीचा डबा आहे. एक बाई त्यावर चिठ्ठी लावते ‘भाजणी’. दुसरी लावते ‘थालीपीठ’. तिसरी ‘उपासाची’, तर चौथी ‘आधी संपवा’. चौघींचंही बरोबरच आहे. एकीने आत काय आहे ते लिहिलं, दुसरीने त्याचं काय होणार ते, तिसरीने कधी चालतं ते आणि चौथीने काय करायचं ते.

ग्रंथालयात असं चालत नाही. तिथे जाणकार माणसं आधी खण ठरवतात आणि मग पुस्तक त्या खणात बसवतात. अमेरिकेत मेलविल ड्यूई यांनी १८७६ मध्ये आणि आपल्याकडे एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये अशा पद्धती घालून दिल्या. त्या शिस्तीच्या आहेत, पण पुस्तकाला कपाटात जागा एकच मिळते आणि ती वाचक ठरवत नाही.

२००३ साली अमेरिकेत जोशुआ शॅक्टर यांनी ‘डिलिशस’ नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. पुस्तकात आपण वाचनखूण ठेवतो, तशी इंटरनेटवरच्या आवडलेल्या पानाची खूण तिथे ठेवता येई. खुणेला हवे ते शब्द जोडायचे. कुणी शब्दांची यादी दिलेली नव्हती, कुणी तपासणारा नव्हता. शिवाय एकाच्या खुणा इतरांनाही दिसत. अशा लोकांनीच केलेल्या वर्गवारीला २००४ मध्ये थॉमस व्हँडर वॉल यांनी ‘फोक्सॉनॉमी’ हे नाव दिलं. आपण तिला लोकवर्गवारी म्हणू.

ज्याने त्याने मनाला येईल ते लिहायचं म्हटल्यावर नुसता गोंधळ व्हायला हवा होता. तसं झालं नाही. एचपी कंपनीच्या प्रयोगशाळेतले स्कॉट गोल्डर आणि बर्नार्डो ह्युबरमन यांनी डिलिशसवरचे टॅग तपासले. त्यांना दिसलं, की एखाद्या पानाची खूण साधारण शंभर जणांनी ठेवली की त्या पानावरच्या शब्दांचं प्रमाण स्थिरावतं. पुढे आणखी कितीही माणसं आली तरी कोणता शब्द किती टक्के, हे फारसं हलत नाही. याचं एक कारण अनुकरण. आधी लावलेले शब्द समोर दिसतात, म्हणून माणूस तेच लावतो. पण जे शब्द समोर सुचवले जात नव्हते, त्यांचंही प्रमाण स्थिरावलेलं होतं. म्हणजे लोकांची समजही मुळात बरीच सारखी असते.

आता मोजणीची रीत पाहू. ती तीन पायऱ्यांची आहे.

पहिली पायरी, कोणता शब्द किती वेळा आला ते मोजायचं. दर वेळी एकच चित्र दिसतं. थोडेच शब्द खूपदा येतात आणि खूप शब्द एकदोनदाच येतात.

दुसरी पायरी, कोणते शब्द जोडीने येतात ते पाहायचं. ‘खण’ हा शब्द ‘चोळी’ आणि ‘साडी’ यांच्याबरोबर आला तर तो कापडाचा. ‘कपाट’ आणि ‘फर्निचर’ यांच्याबरोबर आला तर तो लाकडाचा. एका शब्दाचे दोन अर्थ संगणक असे शेजारपाजारावरून वेगळे करतो.

तिसरी पायरी, कोण कुणाच्या पोटात आहे ते ओळखायचं. समजा, जिथे ‘मालदांडी’ लिहिलंय तिथे बहुतेक वेळा ‘ज्वारी’ही लिहिलेलं आहे, पण जिथे ‘ज्वारी’ आहे तिथे ‘मालदांडी’ क्वचितच आहे. यावरून मालदांडी हा ज्वारीचा एक प्रकार असावा, असा अंदाज बांधता येतो. तो कुणी शिकवावा लागत नाही.

या रीतीत उणिवाही आहेत. एकीची ‘ज्वारी’ ती दुसरीचा ‘जोंधळा’. माणसाला माहीत आहे की धान्य एकच. पण दोन्ही शब्द एकाच जागी कुणी लिहिले नाहीत, तर मोजणीत ती दोन वेगळी धान्यं ठरू शकतात. काही शब्द तर फक्त लिहिणाऱ्यापुरतेच असतात. डिलिशसवर ‘वाचायचंय’ अशा अर्थाचे टॅग पुष्कळ होते. त्यातून पानात काय आहे हे कळत नाही, माणसाच्या मनात काय आहे एवढंच कळतं.

मोठी अडचण पुढेच आहे. जो शब्द जास्त वेळा आला तो यंत्र पुढच्या माणसाला सुचवतं, म्हणून तो आणखी वाढतो. कमी लोकांचा शब्द मागे पडत जातो. जोंधळा म्हणणारीचं काही चुकलेलं नसतं, ती फक्त संख्येने कमी असते. म्हणून मोजणीच्या वरच्या टोकाबरोबर खालचं टोकही वाचायला हवं.

हे आपल्या कामालाही लागू पडतं. पुढच्या बैठकीत करून बघा. गटाचं एक पाकीट मधोमध ठेवा. प्रत्येकीने शेजारणीला न विचारता त्याच्यासाठी तीन शब्द चिठ्ठीवर लिहायचे. चार-पाच गिऱ्हाइकांकडूनही तसेच लिहून घ्या आणि मग मोजा. आपण ‘नाचणी सत्त्व’ लिहितो आणि घेणारी ‘बाळाचं खाणं’ शोधते, असं निघालं तर पाकिटावर दोन्ही शब्द हवेत. एकदाच आलेला शब्दही टाकून देऊ नका, ज्या बाईने तो लिहिला तिला विचारा. तिच्या गावात कदाचित सगळ्या तोच शब्द वापरत असतील.

दोन गोष्टी मात्र जपा. जशी सगळ्यांच्या शब्दांतून समाजाची समज दिसते, तशी एकीच्याच शब्दांतून तिची परिस्थिती दिसते. ‘मधुमेह’, ‘कर्ज’, ‘माहेर’ अशा खुणा एका नावाखाली साठल्या, तर ती बाई न बोलताही तिचं घर परक्याला कळतं. आणि दुसरं, हे शब्द आपले असले तरी वही दुसऱ्याची असते. डिलिशस २००५ मध्ये याहू कंपनीने विकत घेतलं, पुढे ते हातोहात फिरलं आणि २०१७ मध्ये तिथे नवीन खुणा ठेवणं बंद झालं. म्हणून जे टिकवायचं आहे त्याची एक नोंद गटाच्या वहीत असू द्या.

बैठकीत कोणकोणते शब्द निघाले ते केंद्रावर नक्की कळवा. एकदाच आलेला शब्द आधी सांगा.