गाडी चालवताना छाती का धडधडते?

तुमच्या घरात कोणी नुकतेच मोटार शिकत असेल तर त्यांच्याकडे नीट पाहा. समोरून ट्रक येताच तळहात ओले होतात, तोंडाला कोरड पडते, छाती धडधडू लागते. वास्तविक मनुष्य तर बसलेला आहे! मग हृदयाला एवढी घाई कसली?

अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली आपल्या ग्रंथात याचे स्पष्टीकरण मांडले. धोका दिसला की मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन रक्तात सोडतात. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तातील साखर वाढते, स्नायू ताठ होतात. लढायला किंवा पळायला ही तयारी उत्तम. पण चालकाला दोहोंपैकी काहीच करायचे नसते. ताठरलेले हात स्टिअरिंग आवळून धरतात आणि जेथे हलकेच वळायचे तेथे गाडीला हिसका बसतो.

खरी गंमत श्वासात आहे. भेदरलेला माणूस भराभर श्वास घेतो. प्राणवायू त्याला आधीच पुरेसा मिळत असतो. कार्बन डाय-ऑक्साइड मात्र प्रमाणाबाहेर निघून जातो. त्यामुळे मेंदूतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, डोके हलके होते, बोटांना मुंग्या येतात. 'आता भोवळ येणार' या विचाराने भीती वाढते, भीतीने श्वास वाढतो. सभेत मायक्रोफोन कर्ण्यासमोर आला की कर्कश शीळ घुमते, ती अशीच! कर्ण्यातला आवाज मायक्रोफोनमध्ये, तेथून पुन्हा कर्ण्यात. तेथे आपण वर्धकाचा आवाज कमी करतो. येथे ते काम श्वासाने करायचे. गाडी कडेला सुरक्षित जागी थांबवावी, नाकाने हळू श्वास घ्यावा आणि त्याहून हळू सोडावा. बहुधा काही मिनिटांत मुंग्या जातात.

भीती अगदीच निराधार असते असेही नाही. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. ब्रेकवर पाय जायला एक सेकंद लागला तर १० मीटर तेथेच गेले. कोरड्या रस्त्यावर घर्षणगुणांक ०.७ धरला तर थांबायला आणखी सुमारे ७ मीटर हवेत. आता वेग दुप्पट करा. पहिले अंतर दुप्पट होते, पण दुसरे चौपट! एकूण १७ ऐवजी सुमारे ४९ मीटर. पुढच्या गाडीपासून तेवढे अंतर राखले की मनालाही उसंत मिळते. शेजारी बसून "अरे, ब्रेक लाव!" असे ओरडणारे काका मात्र या हिशेबात कोठेच बसत नाहीत.

घाबरून गाडी कायमची सोडणे हा फसवा उपाय होय. टाळल्याने हायसे वाटते, म्हणून पुढच्या वेळी टाळावेसेच वाटते. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ साली पायरीपायरीने भीती घालवण्याची पद्धत ग्रंथरूपाने मांडली. त्या धर्तीवर आधी मोकळे मैदान, मग पहाटेचा रिकामा रस्ता, मग बाजार. घाट सर्वांत शेवटी. एका पायरीवर छाती शांत झाल्याशिवाय पुढची चढू नये. छातीत दुखत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर गाडी न चालवता डॉक्टरांकडे जावे. झोप आणणारी गोळी मनाने घेऊन गाडी चालवणे तर सर्वांत वाईट. तिने भीतीबरोबर ब्रेकवरचा पायही मंदावतो आणि वरच्या हिशेबातला तो एक सेकंद लांबतो.